कोशर हॉटेलचे स्वयंपाकघर आणि रावेरची केळी

जेरुसलेममधील किंग डेव्हिडसारख्या उंची हॉटेलात सकाळच्या न्याहारीला दही, लोणी, नाना प्रकारचे चीज, अंडी, मासे, कोशिंबिरी आणि ताजे पाव यांची रेलचेल असते. मांस मात्र तेथे नावालाही नसते, आणि त्याच हॉटेलात रात्रीचे सामिष जेवण उरकल्यावर एखाद्या पाहुण्याने दुधाची कॉफी मागितली, तर ती त्याला मिळत नाही. १९३१ साली सुरू झालेले, गुलाबी छटेच्या चुनखडी दगडात बांधलेले हे हॉटेल जुन्या शहराच्या तटबंदीसमोर उभे आहे; ब्रिटिश अमदानीत त्याच्या दक्षिणेकडील भागात सरकारी मुख्यालय होते आणि २२ जुलै १९४६ रोजी तेथे झालेल्या बॉम्बस्फोटात ९१ माणसे मारली गेली. इतिहासाचा असा शेजार आणि राजेशाही थाट असूनही येथील कॉफीत दूध का पडत नाही, याचे उत्तर ज्यू धर्माच्या आहारनियमांत, म्हणजे ‘कश्रूत’मध्ये आहे; या नियमांत बसणारे अन्न ते ‘कोशर’.

या नियमांचे मूळ तोरा या धर्मग्रंथात आहे. खूर दुभंगलेले आणि रवंथ करणारे जनावरच खाण्यास योग्य, म्हणून बकरा चालतो आणि डुक्कर चालत नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही असावे लागतात, म्हणून पापलेट चालते आणि कोळंबी, खेकडे वर्ज्य ठरतात. जनावराचा वध विहित पद्धतीने, प्रशिक्षित माणसाच्या हातून व्हावा लागतो, आणि रक्त सर्वथा निषिद्ध असल्यामुळे मांस अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर मिठात ठेवून, पुन्हा स्वच्छ धुतल्यावरच चुलीवर चढते. करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरात तीन वेळा आली असून तिचा विस्तार होत होत मांस आणि दूध यांची पूर्ण फारकत झाली. मांस खाल्ल्यावर पुष्कळ कुटुंबांत सहा तास दुधाचे काही घेत नाहीत. फळे, भाज्या, धान्ये, अंडी आणि मासे या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात मोडत नाहीत. त्यांना ‘परवे’ म्हणतात. महाराष्ट्रातील सोवळ्याशी या नियमांचे साम्य चटकन जाणवते, परंतु सोवळे मुख्यतः स्वयंपाक करणाऱ्याच्या शुचितेशी निगडित असते, तर कश्रूतचा रोख पदार्थ आणि भांडे यांच्यावर आहे.

मोठ्या हॉटेलाला हा नियम पाळायचा म्हणजे सगळा संसारच दुहेरी करावा लागतो. मांसाची आणि दुधाची भांडी, सुऱ्या, ओटे, मोऱ्या, भट्ट्या, ताटे, चमचे वेगळे. बहुधा स्वयंपाकघरेही दोन. त्यांवर ‘माश्गियाख’ नावाचा धर्मनिष्ठ पर्यवेक्षक नेमलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय कोणताही माल आत येत नाही. अंडे थेट कढईत फोडण्याऐवजी आधी काचेच्या पेल्यात फोडून पाहतात आणि त्यात रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून देतात. पालेभाजीचे पान न् पान उजेडात धरून त्यात कीड नाही याची खात्री करतात, कारण कीटक निषिद्ध आहेत. या सगळ्याची ग्वाही म्हणून नगराच्या रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते, आणि अन्न कोशर असल्याची खोटी बतावणी करण्यास इस्राएलमध्ये १९८३च्या कायद्याने मनाई आहे.

ज्या हॉटेलात शब्बाथही पाळला जातो, तेथे याच शिस्तीचा दुसरा भाग शुक्रवारी संध्याकाळी दिसतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस असतो, आणि त्यात ३९ प्रकारची कामे वर्ज्य असून अग्नी पेटवणे हे त्यांपैकी एक आहे. आजचे बहुतेक रब्बी विजेचे बटण दाबणेही निषिद्धच मानतात. म्हणून एक लिफ्ट प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबत राहते, जेवण आधीच शिजवून मंद आचेवर ठेवलेले असते, आणि विजेवर उघडणाऱ्या दारांऐवजी साध्या किल्लीची सोय ठेवावी लागते. वाहन वापरता येत नसल्यामुळे प्रार्थनास्थळ पायी जाता येण्याजोग्या अंतरावर असावे लागते, आणि ऐतिहासिक शहराच्या मध्यवस्तीतल्या हॉटेलांना धर्मनिष्ठ पाहुण्यांची पसंती मिळते ती पुष्कळ अंशी याच कारणाने.

महाराष्ट्राला हे सर्व वाटते तितके परके नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालत आला, अशी बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा सांगते. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून त्यांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी बोलणाऱ्या, पेणकर, राजपूरकर, किल्लेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावणाऱ्या या समाजाने आहाराचे महत्त्वाचे निर्बंध सांभाळले, ते रब्बी नसताना, प्रमाणपत्र नसताना, घरच्या बायकांच्या दक्षतेवर. मांसाच्या रश्शात दुधाऐवजी नारळाचे दूध, नववर्षाच्या चिकाच्या हलव्यातही तेच, आणि द्राक्षाची कोशर मदिरा मिळत नसे म्हणून शब्बाथच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून काढलेले सरबत: कोकणच्या परसात जे पिकले आणि बाजारात जे मिळाले, त्यातूनच धर्म पाळला गेला. पंचतारांकित हॉटेल पगारी पर्यवेक्षक नेमून जे साधते, ते या घरांनी निव्वळ सवयीने साधले, आणि महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात या कर्तृत्वाची नोंद व्हायला हवी तितकी झालेली नाही.

मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये ‘शार हारहमीम’ हे बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उभारले. काळा घोडा येथील निळ्या रंगाचे ‘केनेसेथ एलियाहू’ हे बगदादी ज्यूंचे सिनेगॉग १८८४चे आहे. कुलाब्याच्या नरिमन हाउसमधील, ‘छाबाद’ या ज्यू धर्मपंथाचे केंद्र परदेशी ज्यू प्रवाशांना कोशर जेवण पुरवीत असे, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ते चालवणारे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग व त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जणांना तेथे प्राण गमवावे लागले. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला त्याच्या धर्मात बसणारा घास मिळावा, एवढ्यासाठी ते घर उघडे होते. २०१४ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले.

खानदेशातून जेरुसलेमला जाणाऱ्या शाकाहारी प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे कोशर आणि शाकाहारी एक नव्हे. दुधाच्या स्वयंपाकघरात मांसाचा कणही नसतो हा मोठा दिलासा खरा, परंतु मासे आणि अंडी तेथे चालतात. आणि सावदा-फैजपूरकडे कांदा-लसूणही न खाणारी जी कुटुंबे आहेत, त्यांनी तर आधीच विचारून घेणे बरे, कारण कश्रूतला या दोहोंचे वावडे नाही.

खानदेशातच केळी पिकवणाऱ्या रावेरच्या शेतकऱ्याला मात्र या धर्मशास्त्रात आपलाच विषय सापडेल. फळझाडाची पहिल्या तीन वर्षांची फळे खाऊ नयेत, असा तोराचा दंडक आहे, पण तो केळीला लागू होत नाही, कारण शास्त्रकारांच्या मते केळ हे झाड नव्हेच: ज्याचे खोड टिकते आणि वर्षानुवर्षे फळते ते झाड, आणि केळीचे तर घड उतरला की खोड संपते. रावेरच्या मळ्यात हे रोज दिसते. खोड म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळलेली आवरणे, खरा जीव जमिनीतल्या कंदात, आणि घड कापल्यावर शेजारी उगवलेल्या पिलावर पिलबाग धरली जाते. म्हणून केळे खाण्यापूर्वी ज्यू माणूस ‘झाडाच्या फळा’चा आशीर्वाद म्हणत नाही, ‘भूमीच्या फळा’चा म्हणतो. बेने इस्राएलांचा मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, नारळ, साखर आणि फळे यांचे एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणात मांडलेले ताट, यात केळे असते ते या भूमीच्या फळाच्या मानाने, तर झाडाच्या फळाचा मान खजुराकडे जातो.

ताज्या केळ्याला कोशरचा शिक्का लागत नाही. त्याचे वेफर्स केले की प्रश्न उभा राहतो, कारण तळणाचे तेल कोणते, कढईत आधी काय तळले, मसाल्यात चीजची भुकटी आहे का, हे सर्व तपासावे लागते आणि कोशर बाजारात माल पाठवू इच्छिणाऱ्या कारखान्याला प्रमाणन संस्थेच्या निरीक्षकाला आपल्या भट्टीपर्यंत येऊ द्यावे लागते.