टायमिंग पट्टा : सैल नको, कडकही नको

हिंगोलीहून वाशिमकडे निघाले की हिंगोली जिल्ह्याच्या अगदी टोकाला कनेरगाव नाका लागतो. एके काळी अलीकडे निजामाचा मुलूख होता आणि पलीकडे वऱ्हाड. आता अलीकडे मराठवाडा आणि पलीकडे विदर्भ. अकोला-नांदेड रस्त्यावरची वाहने इथूनच जातात. म्हणून इथे चहाची टपरी जितकी गरजेची, तितकेच पंक्चरचे दुकान आणि गाडी दुरुस्तीचे गॅरेजही गरजेचे.

मागच्या लगनसराईत माझ्या भाच्याची गाडी या नाक्याच्या अलीकडे बंद पडली. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी आणि हप्त्याने घेतलेली. तिच्यावरच त्याचे घर चालते. चार दिवसांपूर्वी एका गॅरेजात पाण्याचा पंप बदलला होता, आणि त्यासाठी काढलेला टायमिंग पट्टा पुन्हा बसवला होता. चालत्या गाडीत खडखड आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी थांबले. सेल्फ मारला तर इंजिन नुसतेच गरगर फिरे, पण घेत नव्हते. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी नाक्यावर आणली. भाच्याचा फोन आला, "मामा, वऱ्हाडाची सुपारी घेतलेली आहे, आता काय करू?"

मी पोहोचलो तोवर तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी पट्ट्यावरचे झाकण उघडले होते. ते म्हणाले, "साहेब, पट्टा तुटलेला नाही. सैल बसवला होता, त्यानं दात सोडले. आता हेड उतरवावं लागंल." हेड उतरल्यावर दिसले की वॉल वाकले आहेत आणि पिस्टनच्या माथ्यावर त्यांचे ठसे उमटले आहेत. मी कारकून माणूस, जमाखर्चातले मला कळते. दुरुस्तीचा खर्च एकीकडे, आणि गाडी उभी असताना चालू राहिलेला हप्ता दुसरीकडे. बुडालेले भाडे तर कोणत्याच वहीत लिहिता आले नाही. आणि हे सगळे एका पट्ट्याचा ताण नीट न लावल्यामुळे!

आपल्याकडची कितीतरी मुले आज गाडी चालवतात, गॅरेजात हाताखाली काम करतात, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यास करतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्या दिवशी मिस्त्रींकडून समजून घेतलेली आणि नंतर पडताळून पाहिलेली ही माहिती.

हा पट्टा करतो काय?

इंजिनात खाली क्रँक असतो आणि वर कॅम. पिस्टन वरखाली होतो तो क्रँकच्या जोरावर, आणि हवा आत घेणारे व धूर बाहेर टाकणारे वॉल उघडतात ते कॅममुळे. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात असतात. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर एकेक वॉल सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. वॉल खाली आलेला असताना पिस्टन वर आला तर टक्कर होणार. ती होऊ नये म्हणून दोघांची चाल एकमेकांना बांधून ठेवणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग पट्टा. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर जागा फारच थोडी उरते, त्यामुळे तिथे चूक महागात पडते.

असा दातेरी पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला तो मोटारीसाठी नव्हे, तर शिलाई मशीनमध्ये सुई आणि बॉबिन यांचा मेळ राखण्यासाठी. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या '१००४' या मोटारीच्या इंजिनात तो बसवला. आपल्याकडे अँबेसिडर आणि पद्मिनीच्या जुन्या पेट्रोल इंजिनांत साखळी होती, ट्रॅक्टरमध्ये बहुधा गिअर असतात. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पट्ट्याचे इंजिन घरोघरी पोहोचले. १९९८ च्या अखेरीस आलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच होता. साखळीवर आणि गिअरवर हात बसलेल्या मिस्त्रींना पट्ट्याचा ताण ही गोष्ट नव्याने शिकावी लागली. आज काही गाड्यांत पट्टा आहे तर काहींत साखळी, म्हणून आपल्या गाडीत काय आहे ते आधी माहीत करून घ्यावे.

सैल आणि कडक

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला दिलेला वीणेचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी नाही. इंजिनाच्या पट्ट्यालाही हे तंतोतंत लागू पडते.

पट्टा सैल असला तर तो झाकणावर फडफड आपटतो, आणि गाडी सुरू करताना किंवा एकदम गती बदलताना दात सोडतो. एक दात सुटला तर गाडी ओढत नाही, सुरू व्हायला त्रास देते. जास्त दात सुटले तर भाच्याच्या गाडीसारखे होते. पट्टा कडक असला तर रूं-रूं असा बारीक आवाज येत राहतो, टेन्शनरची आणि पाण्याच्या पंपाची बेअरिंग लवकर जातात, पट्ट्याचे दात मुळापासून झिजतात. कडक पट्ट्याची गाडी त्या दिवशी छान चालते, नुकसान पुढे दिसते. म्हणून "थोडा कडकच राहू दे" हा विचार चुकीचा आहे.

ताण लावण्याची रीत

१. काम थंड इंजिनावरच करावे. गरम झाल्यावर इंजिनाचा धातू फुगतो आणि पट्टा आपोआप ताणला जातो. गरम असताना लावलेला ताण थंड झाल्यावर ढिला पडतो.

२. जुनाच पट्टा परत बसवायचा असेल तर काढण्यापूर्वी त्याच्या पाठीवर फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढावा. मात्र पट्ट्याला तडे असतील, तेल लागले असेल किंवा तो पुष्कळ चाललेला असेल तर नवाच घ्यावा. पट्टा दुमडू किंवा पिळू नये. त्याच्या आत काचतंतूंचे दोरे असतात, ते तुटलेले बाहेरून दिसत नाहीत.

३. क्रँकच्या आणि कॅमच्या पुलीवरचे मार्क कंपनीने दिलेल्या खुणांशी जुळवावेत. डिझेल पंप याच पट्ट्यावर असेल तर त्याचाही मार्क पाहावा.

४. पट्टा आधी क्रँकवर घालून जी बाजू ओढली जाते ती ताठ ठेवत कॅमवर चढवावा. सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला जमला पाहिजे.

५. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर स्प्रिंगचे काम स्प्रिंगलाच करू द्यावे. स्क्रू-ड्रायव्हरने रेटून ताण देऊ नये. जुन्या सुझुकी इंजिनांत यासाठी रॉकरचे स्क्रू आधी ढिले करायचे असतात, म्हणजे कॅम मोकळा फिरतो आणि स्प्रिंगचा खरा ताण पट्ट्याला मिळतो. काही टेन्शनरवर काटा आणि खाच असते, तिथे काटा खाचेसमोर आणायचा असतो.

६. टेन्शनर पक्का करण्याआधी क्रँकच्या बोल्टला पान्हा लावून इंजिन हाताने, चालायच्या दिशेनेच, पूर्ण दोन फेरे फिरवावे. उलटे फिरवू नये आणि कॅमच्या बोल्टने फिरवू नये. मध्येच अडल्यासारखे वाटले तर जोर लावू नये, थांबून मार्क पुन्हा पाहावेत.

७. दोन फेऱ्यांनंतर पुलीचे मार्क परत जुळले पाहिजेत. नव्या पट्ट्यावरच्या रंगाच्या रेघा मात्र पुन्हा समोर येतीलच असे नाही, त्याने घाबरू नये. मार्क जुळले की टेन्शनरचे बोल्ट पुस्तकात सांगितलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्ह्याने आवळावेत. नंतर आणखी दोन फेरे देऊन ताण पुन्हा तपासावा.

भाच्याच्या गाडीत चूक झाली ती सहाव्या पायरीवर. मिस्त्रींच्या मते तिथे टेन्शनर आधी आवळला होता आणि इंजिन फिरवलेच नव्हते. ओढल्या जाणाऱ्या बाजूला थोडी ढील उरली होती. इंजिन सुरू होताच ती ढील दुसऱ्या बाजूला आली, पण टेन्शनर जखडलेला असल्याने तिला आवरणारे कोणी उरले नाही. दोन फेऱ्यांचे, पाच मिनिटांचे काम वाचवले आणि इंजिन गेले.

पट्टा दोन बोटांत धरून पिळून पाहायचा, पाव फेरा पिळला गेला की ताण बरोबर, अशी पद्धत गॅरेजांत सर्रास चालते. अंदाजासाठी ती ठीक आहे, पण प्रत्येक इंजिनाचा पट्टा, त्याची रुंदी आणि पुल्यांमधले अंतर वेगळे असते. शेवटचा शब्द कंपनीच्या पुस्तकाचाच मानावा.

गाडीवाल्याने काय करावे?

पट्टा कधी बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. बऱ्याच गाड्यांत ते ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, आणि गाडी कमी चालली तरी रबर वर्षांच्या हिशेबाने जुने होते. जुनी गाडी घेताना पट्टा कधी बदलला ते विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर नवा टाकून घ्यावा. पट्टा बदलताना टेन्शनर, आयडलर आणि पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंपही तपासून घ्यावा, कारण मजुरी एकदाच पडते. काम चालू असताना शेजारी उभे राहावे आणि "इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहिले का?" एवढे नम्रपणे विचारावे. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

भाच्याची गाडी पुन्हा रस्त्यावर आली. मिस्त्रींनी ताण लावला तेव्हा त्याने स्वतः पान्हा धरून दोन फेरे दिले. बॉनेटच्या आतल्या बाजूला त्याने एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर पट्टा बदलल्याची तारीख, त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि पुढचा पट्टा कोणत्या आकड्याला, एवढेच लिहिले आहे. ज्यांच्या घरात गाडी आहे त्यांनी अशी चिठ्ठी आजच लावून टाकावी.