गरोदरपणातील रक्तदाब आणि वार

आमची धाकटी बहीण सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी पैठणहून माहेरी आली, तेव्हा चेहरा व हात सुजलेले होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोर अंगाने भरली, चांगलं लक्षण आहे." डोके दुखते असे ती म्हणत होती, आम्ही उन्हातल्या प्रवासाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी घाटीत नेले तर रक्तदाब १६०/११० आणि लघवीत प्रथिने! मी बँकेतला कारकून, कलाशाखेचा पदवीधर. पण त्यानंतर डॉक्टरांना विचारून व वाचून जे समजले ते येथे मांडतो. भगिनींइतकेच ते घरातील पुरुषांनीही वाचावे.

गर्भाला प्राणवायू व अन्न वारेतून मिळते. पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक रोहिण्यांत शिरून त्या रुंद व सैल करतात. काहींच्या बाबतीत हे काम अपुरे राहते. मोठ्या वस्तीला अर्धा इंची नळ जोडावा, तशी गत होते. (आपल्या शहरात हे उदाहरण अधिक समजावून सांगायला नको.) बाळाची वाढ खुंटते, भोवतालचे पाणी कमी होते. रक्ताला आसुसलेली ही वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की, तिच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. मग दाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, यकृत व मेंदूवर ताण येतो. म्हणजे पुष्कळदा मूळ दुखणे वारेचे असते आणि रक्तदाब नंतर दिसतो. विसाव्या आठवड्यानंतर उद्भवणाऱ्या या विकाराला प्री-एक्लॅम्पशिया म्हणतात. त्यातून झटके आले की तो एक्लॅम्पशिया. या झटक्यांना बाहेरची बाधा समजून अंगारे लावण्यात मोलाचे तास जातात.

वाढलेला दाब बहुधा जाणवतच नाही. १४०/९० वा त्याहून अधिक दाब धोक्याचा. परंतु पासबुकातली एकच नोंद पाहून आम्ही खाते पारखत नाही, तसेच येथेही मागचे आकडे ताडून पाहावेत. म्हणून तपासणीचे कार्ड जपावे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नये. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासूनची आहे. नावनोंदणी लवकर करावी, कारण ज्यांना धोका अधिक त्यांना डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर ॲस्पिरिनची अल्प मात्रा सुरू करतात. ती आपल्या मनाने घेऊ नये.

रक्तदाबाच्या गोळ्या आईला जपतात, वार दुरुस्त करीत नाहीत. दाब एकदम उतरवला तर बाळाचे रक्त आणखी घटते, म्हणून तो बेताने उतरवतात. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे जुने, स्वस्त औषध आहे. ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांवरील अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. या औषधाने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. खरा उपाय मात्र बाळंतपणच. ते कधी करायचे, हा डॉक्टरांपुढचा अवघड हिशेब असतो.

बहिणीचे बाळंतपण चौतिसाव्या आठवड्यात करावे लागले. मुलगी पावणेदोन किलोची. आम्ही सुटलो असे वाटले, पण धोका बाळंतपणानंतरही काही आठवडे राहतो. तिच्या गोळ्या महिनाभर चालू होत्या. भाची आता शाळेत जाते. बहिणीचा रक्तदाब आम्ही अजून दरवर्षी मोजून घेतो, कारण अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात रक्तदाब व हृदयविकार होण्याची शक्यता अधिक असते.