पासष्टीतली नाडी

आष्ट्याहून सांगली रस्त्याला पहाटे पळायला निघालं, की उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत परतायची घाई असते. त्या घाईत रोजचं पळणं शर्यतच होऊन बसतं. पासष्टीत हे महागात पडतं, कारण थकवा उतरायला जास्त दिवस लागतात.

म्हणून वेग नाडीवरून ठरवावा. २२० मधून वय वजा केलं की नाडीचे कमाल ठोके मिनिटाला १५५ येतात. २००१ साली हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, तेच १६२ सांगतं. दोन्ही सरासरीच, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. दुसरा झोन, म्हणजे हलक्या पळण्याचा टप्पा, कमालच्या ६० ते ७० टक्के; १६२ धरले तर साधारण ९७ ते ११३. आठवड्यातलं बहुतेक पळणं याच झोनमध्ये हवं. खूण सोपी: सोबत्याशी सलग बोलता आलं पाहिजे. जोराचं पळणं आठवड्यातून एखादाच दिवस.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या यवतेश्वर घाटात हेच ठोके बघता बघता वर जातात. तिथे खुशाल चालावं, लाज कसली! रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल, तर मात्र ठोके फारसे चढत नाहीत आणि ठोके मोजणारं घड्याळ फसवतं. अशांनी डॉक्टरांना विचारून, दमावरच अंदाज बांधावा.