खिडकीच्या मापाचा उद्योग

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, कांचीपुरम जिल्ह्याच्या श्रीपेरुंबुदूर तालुक्यात इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. येथील ‘सिपकॉट’च्या औद्योगिक वसाहतीत १९९८ साली ह्युंदाईच्या मोटारींचे उत्पादन सुरू झाले आणि गावाचे नाव देशभर पोहोचले. मोठ्या कारखान्यामागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले, कार्यालये आली, नोकरदारांची घरे आली. या प्रत्येक वास्तूला खिडक्या आहेत आणि त्या खिडक्यांवर दक्षिणेचे प्रखर ऊन आहे. चेन्नईच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टच्या मध्यास, थेट डोक्यावर येतो. अशा प्रदेशात खिडकीचा पडदा ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. ग्राहकाच्या पसंतीचे चित्र छापून, त्याच्याच खिडकीच्या मापाने गुंडाळता पडदा, म्हणजेच रोलर ब्लाइंड, तयार करून देणे हा म्हणूनच होतकरू उद्योजकाने विचारात घ्यावा असा लघुउद्योग आहे.

परंपरेचा धागा

मापाबरहुकूम चित्रांकित पडदा या भूमीला नवा नाही. तामिळ देशातील मंदिरांसाठी कलमकारीची छते, दारावरची तोरणे आणि रथांना टांगावयाची नळकांडी वस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या रंगविली गेली. कोडाली करुप्पूर येथील कारागीर तंजावरच्या मराठा राजघराण्यासाठी रंगीत वस्त्रे सिद्ध करीत. इकडे महाराष्ट्रात आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून लौकिक मिळविला. ती कुंचल्याची करामत आज संगणक आणि छपाईयंत्र यांच्या हाती आली आहे. परंतु माप आणि रंग यांची कसोटी पूर्वीइतकीच कठोर आहे.

चूक परवडत नाही

या व्यवसायाचे मर्म एका वाक्यात सांगता येते : जो पडदा एका खिडकीसाठी बनला, तो दुसऱ्या खिडकीला विकता येत नाही. तयार कपड्यांच्या दुकानात एकाला न बसलेला सदरा दुसऱ्याला बसतो. येथे दोन सेंटीमीटरची चूक झाली तर कापड, शाई आणि मजुरी तिन्ही वाया जातात. म्हणून पडदा चौकटीच्या आत बसवावयाचा असल्यास रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरावे. प्रत्यक्ष कापड त्याहूनही काहीसे अरुंद लागते, कारण दोन्ही बाजूंच्या आधारपट्ट्या जागा घेतात. कापड काटकोनात कापले गेले नाही तर पडदा गुंडाळताना एका बाजूला सरकतो. रुंद खिडकीसाठी बारीक नळी वापरली तर ती मध्यभागी वाकते व कापडाला सुरकुत्या पडतात. ओढावयाची साखळी भिंतीला घट्ट जखडावी. लोंबती साखळी लहान मुलांच्या गळ्याभोवती अडकण्याचा धोका असतो.

छपाईच्या पद्धतीही समजून घ्याव्या लागतात. सब्लिमेशन पद्धतीत चित्र प्रथम कागदावर उलटे छापतात आणि सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेने ते पॉलिएस्टरच्या धाग्यात उतरवितात. सुती कापडावर ही पद्धत उपयोगी पडत नाही. उष्णतेने कापड आक्रसू शकते, म्हणून आधी छपाई व मग कापणी हा क्रम पाळावा. पश्चिमेच्या खिडकीवर असे रंग लवकर फिके पडण्याचा संभव असतो; तेथे उन्हात टिकणाऱ्या रंगद्रव्यांची शाई निवडणे श्रेयस्कर. ग्राहकाने आणलेले छायाचित्रही तपासावे. ४ फूट रुंद व ५ फूट उंच पडद्यासाठी दर इंचास १०० बिंदू धरले तर ४,८०० × ६,००० बिंदूंचे चित्र लागते. पडदा दुरून पाहिला जात असल्याने थोडे कमी चालते, पण भ्रमणध्वनीवरून फिरत आलेले लहानसे चित्र चालत नाही.

चित्राची मालकी हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. १९५७ च्या कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले, त्यामुळे त्यांची चित्रे छापण्यास आडकाठी नाही. आजच्या व्यंगचित्रातील पात्रांची गोष्ट निराळी. तेथे हक्कधारकाची परवानगी हवी.

मोटारींच्या गावात मोटारीच्या काचांसाठी पडदे करण्याचा मोह होईल. तेथे सावध असावे. काचेतून किती प्रकाश आत यावा याचे नियम आहेत आणि २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवरील काळ्या फिल्मविरुद्ध निर्णय दिला होता. नवोदिताने घर व कार्यालय येथूनच प्रारंभ करावा.

भांडवलाचे गणित

आरंभीच महागडे छपाईयंत्र घेण्याची आवश्यकता नाही. छपाई बाहेरून करून घ्यावी. मोजमाप, कापणी, जोडणी व बसवणी आपल्या हाती ठेवावी. ६ फूट पन्ह्याच्या कापडातून ४ फुटांचा पडदा कापला तर एक तृतीयांश कापड उरते. त्याच तुकड्यात स्वयंपाकघराची २ फुटांची खिडकी बसविली तर नुकसान टळते. अशा काटकसरीतूनच नफा उभा राहतो. मागण्यांचा ओघ स्थिर झाला म्हणजे यंत्रासाठी कर्जाचा विचार करावा.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ वर्गात ५० हजार, ‘किशोर’मध्ये ५ लाख आणि ‘तरुण’मध्ये १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. २००० साली स्थापन झालेल्या पतहमी न्यासामुळे तारणाअभावी अडलेल्या लघुउद्योजकालाही आधार मिळतो. खेळत्या भांडवलासाठी नायक समितीचे सूत्र परिचित आहे. वार्षिक विक्री २४ लाख रुपये अपेक्षित असल्यास गरज तिच्या २५ टक्के, म्हणजे ६ लाखांची. त्यांपैकी ४ लाख ८० हजार बँकेचे व १ लाख २० हजार उद्योजकाचे.

खरी परीक्षा मात्र वसुलीची असते. घरगुती ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, मापाच्या कागदावर त्याची स्वाक्षरी घ्यावी. कंपन्यांचे देयक लांबते. परंतु २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. या संरक्षणासाठी १ जुलै २०२० पासून सुरू झालेली विनामूल्य ‘उद्यम’ नोंदणी अवश्य करावी. डिसेंबर २०१५ च्या महापुराने चेन्नई परिसरास दिलेला धडाही विसरू नये : कापडाचे तागे जमिनीपासून उंचावर ठेवावेत आणि मालाचा विमा उतरवावा.

पडदा खिडकीला अचूक बसला की ग्राहक तो शेजाऱ्याला कौतुकाने दाखवितो. या धंद्याला त्याहून मोठी जाहिरात नाही. मोजपट्टी आणि हिशेबाची वही या दोन्हींशी जो प्रामाणिक राहील, त्याच्यासाठी प्रत्येक नव्या इमारतीची प्रत्येक खिडकी ही एक संधी आहे.