सूर धरणाऱ्याची जागा

राजगडाच्या पायथ्याला पाली. गडाच्या पाली दरवाजाला याच गावाचं नाव आहे आणि गडावर जाणारा जुना राजमार्गही इथूनच चढतो. आज ट्रेकची मंडळी जिथे धापा टाकत बसतात, त्या रुंद पायऱ्या राजधानीच्या राबत्यासाठी बांधलेल्या आहेत. त्या काळी गडावरची खबर खाली पोचायची ती वाद्यांनी. नगारा, शिंग, कर्णा, तुतारी यांतली बरीच वाद्यं फुंकून वाजवायची. मावळच्या या पट्ट्यात लग्न आणि जत्रा सनई-संबळावर उभ्या राहिल्या, आणि डीजेच्या भिंती आल्यावरही देवाच्या दारी सनईला अजून मान आहे.

या मुलखातली मुलं पुढे शिकायला विंझरच्या किंवा भोरच्या महाविद्यालयात जातात. ही महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली. विद्यापीठ म्हटलं की युवक महोत्सव आला, आणि युवक महोत्सवात मला सगळ्यांत जवळचा वाटणारा प्रकार म्हणजे लोकवाद्यवृंद. अमेरिकेतल्या विद्यापीठांत कॉन्चेर्टोची स्पर्धा घेतात आणि जिंकलेल्या ओबो किंवा क्लॅरिनेटवाल्या विद्यार्थ्याला पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर उभं करतात. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाणारं दृश्य लोकवाद्यवृंदात दिसतं. संबळ, हलगी, ढोलकी, दिमडी, टाळ, तुणतुणं असा ताफा मागे आणि पुढे विशी न ओलांडलेला सनईवाला. एरवी मांडवाच्या कोपऱ्यात बसणारं वाद्य इथे मधोमध येतं.

या मुलाच्या हातात काय असतं ते जवळून पाहावं. दीड-दोन फुटांची लाकडी नळी, खाली रुंद होत जाणारी, टोकाला धातूचा कर्णा. वर गवताच्या काडीची दुहेरी पत्ती. जास्तीच्या पत्त्या दोऱ्याने सनईलाच बांधून लोंबत ठेवलेल्या, कारण पत्ती कधी दगा देईल याचा नेम नाही. कोरडी पडली तर बोलत नाही, फार भिजली तर सूर बसतो. नळीवर भोकं असतात, चाव्या नाहीत. मींड काढायची ती अर्धं भोक झाकून आणि ओठांचा दाब कमी-जास्त करून. म्हणजे गळ्याने गाणारा जे करतो ते सगळं, पण गळ्याविना.

वाद्यवृंद बसवताना खरी अडचण पट्टीची येते. पेटीवाला पट्टी बदलू शकतो, तुणतुण्याची तार पिळता येते. सनईची लांबी मात्र कारागिराने ठरवलेली असते. पत्ती आत-बाहेर करून जेमतेम थोडा फरक पडतो. त्यात हे महोत्सव बहुधा थंडीत असतात. गार हवेत नळीचा सूर उतरतो आणि दोन-चार मिनिटं फुंकल्यावर चढतो. जाणता मुलगा म्हणून रंगमंचावर जाण्याआधी विंगेत हलकेच फुंकत वाद्य ऊबदार करून ठेवतो. सगळ्या ताफ्याने सनईच्या सुराला यावं, सनईने त्यांच्याकडे नव्हे, हे ज्या दिग्दर्शकाला कळलं त्याचा वृंद पहिल्या मिनिटातच ओळखू येतो.

तुतारी आणि शिंग यांचं गणित वेगळं. त्यांना भोकं नाहीत, म्हणून मोजकेच नैसर्गिक स्वर, तेही निव्वळ ओठांच्या ताणावर. सुरुवातीची ललकारी आणि शेवटचा कळस एवढंच काम त्यांना मिळतं, आणि ते रास्त आहे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो माणूस. सनईच्या जोडीला दुसरी सनई असते आणि ती वाजवणारा फक्त षड्ज धरतो. कार्यक्रम संपेपर्यंत त्याने तो सोडायचा नसतो. हे साधतं कसं? गालांत हवा साठवायची, गाल दाबून ती पत्तीत सोडत राहायची आणि तेवढ्यात नाकाने श्वास आत घ्यायचा. सूर तुटता कामा नये, तो ढळताही कामा नये. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात कार्यक्रमाआधी ओबोवाला एक स्वर देतो आणि सगळे त्यावर जुळवून घेतात. त्याचं हे काम तिथे संपतं आणि पुढे त्याला स्वतःचं गाणं मिळतं. आपला सूर धरणारा तोच स्वर सबंध मैफलभर देत राहतो आणि त्याच्या वाट्याला गाणं येत नाही. घराण्यांत पोर सनईला बसतं ते आधी याच कामाला. बापाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं सूर धरायचा, कान त्यातच तयार होतो. गुरव, घडशी, होलार, मातंग या समाजांतल्या वाजंत्री घराण्यांनी ही विद्या अशीच सांभाळली, आणि त्यांना तिचं मोल कधीच नीट मिळालं नाही.

सनई मांडवातून मैफलीत आणणारी मोठी माणसं झाली. बिस्मिल्ला खाँ यांनी 1947 मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर सनई वाजवली आणि 2001 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. पुण्यात शंकरराव गायकवाडांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी ऐकल्या गेल्या. आज नम्रता गायकवाड यांच्यासारखी तरुण वादक बाईमाणसाने सनई धरू नये या जुन्या समजुतीला वाजवूनच उत्तर देते. सोलापूरकडे सिद्राम जाधवांनी सनईपेक्षा आखूड, उंच सुराची सुंदरी नावारूपाला आणली. पन्नालाल घोषांनी लांब बासरीवर ख्याल उभा केला, तेव्हा बांबूच्या नळीलाही मैफलीचा दर्जा आला. या सगळ्यांच्या मागे कोणीतरी सूर धरून बसलेलं होतं. त्यांतली किती नावं आपल्याला सांगता येतील?

माझी तक्रार इथेच आहे. लोकवाद्यवृंदात आज बऱ्याचदा सूर धरणारा मुलगा नसतोच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा पेटीचा एक स्वर दाबून काम भागवलं जातं. मंचावर माणसं मोजकी, वेळ मोजका, मग एका स्वरासाठी एक जागा कोण खर्ची घालणार? पण यंत्राचा सूर सनईबरोबर चढत नाही. गार हवेत सनई हळूहळू वर सरकते आणि यंत्र होतं तिथेच राहतं. दोघांमधली ती फट ऐकणाऱ्याला बोचते. शेजारचा माणूस ऐकत असतो, सनईसोबत तोही केसभर सरकतो. शिवाय पुढच्या वर्षीचा सनईवाला तयार होण्याची जागाच आपण यंत्राला देऊन टाकतो.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून गुरुकुल पद्धतीने शिकवत आलं आहे. विद्यार्थी गुरूकडे जाऊन शिकतो आणि विद्यापीठ त्या शिक्षणाला पदवी देतं. हीच सोय राजगडाभोवतालच्या वेल्हे-भोरच्या वाजंत्र्यांपर्यंत का पोचू नये? जत्रेत मेंगाई देवीपुढे वाजवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या सनईवाल्याला महाविद्यालयाने गुरू म्हणून मानधन द्यावं. त्याच्या हाताखाली दोन मुलं सत्र सुरू होताच बसवावीत, महोत्सवाला पंधरा दिवस उरल्यावर नव्हे. पहिलं सत्र दोघांनीही फक्त षड्ज धरावा. त्यांतला कोण पुढे येतो हे गुरूने ठरवावं. आणि वृंद मंचावर गेला की निवेदकाने सनईवाल्याइतक्याच मोठ्या आवाजात सूर धरणाऱ्याचंही नाव घ्यावं, पत्रिकेत छापावं, प्रमाणपत्रावर त्याचं काम लिहावं: सूर.