जुनी बोट, लांबची रेस: गोल्डन ग्लोबमधून आपण काय शिकायचं?

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी अवतार. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’, ‘अॅक्च्युअली’ बरेचसे उडवलेत, तरी काही राहिले असतील. चालवून घ्या.)

आजचा विषय एका मेसेजमधून आला. आपल्या एका श्रोत्याला ऑनलाइन एक जुनी शिडाची बोट दिसली. तीस फुटी, फायबरग्लासची आणि तिच्या फोटोंवरून वाटावी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. त्याचा प्रश्न: “दादा, घेऊन टाकू का? थोडी रेसिंग पण करता येईल.”

आधी कबुली देतो. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. माझी स्वतःची बोट नाही. गोव्यात दोन वीकेंड डिंगी शिकलो आणि दोन्ही वेळा पाण्यात पडलो. पण जुन्या क्रूझिंग बोटींच्या रेसचं वेड मला २०१८ पासून आहे, आणि त्या वेडाची सुरुवात एका अपघाताच्या बातमीने झाली.

२१ सप्टेंबर २०१८. दक्षिण हिंदी महासागर, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून जवळपास १९०० सागरी मैल दूर. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी आपल्या ३२ फुटी ‘थुरिया’वर एकटे होते आणि रेसमध्ये तिसऱ्या नंबरवर होते. वादळात बोट उलटली, डोलकाठी तुटली आणि टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. बंकवरून उठताही येत नव्हतं. छोट्या टेक्स्टिंग यंत्रावरून त्यांनी तेवढं कळवलं. मग नौदलाच्या विमानाने बोट शोधली आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना बाहेर काढलं.

ती रेस म्हणजे गोल्डन ग्लोब. तिचे नियम वाचले तेव्हा मला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय.

एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी. अंतर साधारण ३०,००० सागरी मैल. बोट ३२ ते ३६ फूट, डिझाइन १९८८ च्या आधीचं आणि कील पूर्ण लांबीचा. नेव्हिगेशनला जीपीएस चालत नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे वापरायचे. इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलट नाही. समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन नाही, पावसाचं पाणी साठवायचं. जीपीएस बोटीवर असतो, पण सीलबंद डब्यात. डबा फोडला की मुख्य स्पर्धेतून बाहेर.

हे सगळं कशासाठी? तर १९६८ ची मूळ रेस ज्या तऱ्हेच्या बोटीने जिंकली गेली, त्याच तऱ्हेने पुन्हा करायची म्हणून. आणि ती मूळ बोट, मंडळी, आपल्या मुंबईत बनली होती.

हो, कुलाब्यात! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. साठच्या दशकात त्याने सागवानाची ‘सुहेली’ इथल्या कारागिरांकडून बांधून घेतली आणि डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ती पाण्यात उतरवली. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, तिथेच परत आला. नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारा हा एकटाच. टॉमींची ‘थुरिया’ ही याच सुहेलीच्या डिझाइनची बोट, आणि तीही गोव्यात बांधलेली.

बरं, आता आपल्या श्रोत्याच्या बोटीकडे येऊ. जुनी बोट म्हणजे नक्की काय विकत घ्यायचं असतं?

पहिली गोष्ट, वेग विसरा. अशा बोटीचा वेग मुख्यतः तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. ती लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. ‘रसलर ३६’ ही या रेसमधली लाडकी बोट. तिची पाण्यातली लांबी जवळपास २७ फूट, म्हणजे सुमारे ७ नॉट. ताशी १३ किलोमीटर! सायकलवाला पुढे निघून जाईल. त्याहून जोरात जायला लागली की बोट स्वतःनेच उठवलेल्या लाटेच्या खड्ड्यात अडकते आणि वजनामुळे त्यातून वर येऊ शकत नाही. शीड मोठं लावलं तरी बोट फक्त जास्त कलते, पळत नाही.

मग अशा बोटीचा फायदा काय? तर तो कील. रसलरचं वजन साधारण साडेसात टन, आणि त्यातलं जवळपास ४५ टक्के खाली, कीलमध्ये. म्हणून ती कलली तरी परत उभी राहते. दुसरं म्हणजे लांब कील बोटीला सरळ रेषेत ठेवतो. सुहेलीचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ मोडलं, तरी शिडांचा तोल साधून नॉक्स-जॉन्स्टन पुढे गेला. आजच्या हलक्या रेसिंग बोटीला अशी मोकळी सोडा, ती लगेच भलत्याच दिशेला तोंड फिरवेल. तिसरं, सुकाणू कीलच्या मागच्या कडेला धरलेलं असतं. पाण्यात ओंडका आडवा आला तर आधी कीलला लागतो.

तोटाही सांगतो, नाहीतर म्हणाल हा विकायलाच बसलाय. लांब कीलची बोट वळायला जड. बंदरातल्या छोट्या रेसमध्ये, जिथे दर पंधरा मिनिटांनी बोया फिरून यायचं असतं, तिथे तिची दमछाक होते.

आता वायर. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आणि पुढून-मागून ताणून धरणाऱ्या स्टीलच्या वायर असतात ना, त्या. जुनी बोट बघायला गेलात की मालक म्हणेल, “बघा, अजून चकाचक आहे.” आणि ती असतेही चकाचक. अडचण अशी की स्टेनलेस स्टील बाहेरून चमकत राहतं आणि आतून सडतं. वायरच्या टोकाला जिथे धातूची टोपी दाबून बसवलेली असते, तिथे खारं पाणी शिरतं, पण हवा खेळत नाही. स्टेनलेसला गंज न लागण्यासाठी ऑक्सिजन लागतो, तोच तिथे पोचत नाही. त्यात प्रत्येक लाटेगणिक ताण कमी-जास्त होतो. आपल्याकडे जुना कोड असतो ना, पाच वर्षं कोणी हात लावलेला नाही म्हणून ‘स्टेबल’ म्हणतात, आणि मग दिवाळीच्या सेलमध्ये कोसळतो? अगदी तसं. वायर कधी बदलली याचा कागद नसेल, तर ती बदललेली नाही असंच धरायचं आणि तो खर्च किमतीतच मिळवायचा.

२०१८ च्या रेसमध्ये पाच बोटींच्या डोलकाठ्या गेल्या. सगळ्यांचं कारण जुनी वायर नव्हतं हं. बोट पूर्ण गोल फिरली की नवी वायरही तुटू शकते. त्याच रेसचे विजेते जाँ-लुक व्हान डेन हीड, वय ७३. त्यांचीही बोट पॅसिफिकमध्ये आडवी झाली. डोलकाठी उभी राहिली, पण वायर जिथे डोलकाठीला धरलेल्या असतात तिथला बोल्ट अॅल्युमिनियम चिरत खाली सरकला. त्या वयात, हलत्या बोटीवर, ते पुन्हा पुन्हा वर चढले, दोऱ्यांनी बांधून ते जमवलं आणि जवळपास २१२ दिवसांत पहिले आले. एवढ्या मोठ्या रेसचा निकाल एका बोल्टच्या भोकापर्यंत आला होता.

यानंतर माझा सगळ्यात आवडता भाग: विंडव्हेन. वीज नाही, चिप नाही, आणि तरी बोट दिवस-रात्र स्वतः सुकाणू धरते. बोटीच्या मागे एक उभं पातं असतं, ते वाऱ्याच्या दिशेला लावून ठेवायचं. बोट वाट चुकली की वारा पात्याच्या बाजूवर येतो आणि पातं कलतं. आता पात्यात एवढी ताकद नसते की सुकाणू फिरवेल. म्हणून काही यंत्रांत पातं पाण्यातलं एक वल्ह्यासारखं पान किंचित वळवतं. धावत्या पाण्याचा जोर त्या पानाला बाजूला ढकलतो, आणि तो जोर दोऱ्यांमधून सुकाणूपर्यंत जातो. बोट परत वाटेवर आली की पातं सरळ. शुद्ध फीडबॅक लूप! कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांनी हे दाखवलं असतं तर मी त्या विषयात काठावर पास झालो नसतो. काही यंत्रांत पातं स्वतंत्र छोटं सुकाणूच फिरवतं.

आणि हे यंत्र मोडलं तर काय होतं? २०२२ च्या रेसमध्ये सायमन कर्वेन पुढे होते. केप हॉर्नच्या आधी पॅसिफिकमध्ये त्यांचा विंडव्हेन मोडला. एकट्या माणसाने चोवीस तास सुकाणू धरणं शक्यच नाही. ते चिलीला वळले, दुरुस्ती केली, पुन्हा निघाले. एक थांबा झाला म्हणून मुख्य स्पर्धेतून वेगळ्या गटात गेले. शेवटी ले साब्ल द’ओलोनच्या बंदरात सगळ्यांच्या आधी तेच पोचले, पण विजेते नव्हते. मला हे वाचून दोन दिवस वाईट वाटत होतं.

बोटीच्या तळाबद्दल कोणी व्हिडिओ बनवत नाही, कारण त्यात दिसायला काही नसतं. पण फिनलंडच्या टापिओ लेहतिनेन यांचं उदाहरण ऐका. २०१८ मध्ये त्यांची ‘अॅस्टेरिया’, बांधणी १९६५ ची. वाटेत तळाला बार्नेकल लागले. कोकणात जेटीच्या खांबांना शिंपल्यासारखे टणक जीव चिकटलेले बघितलेत ना, त्यांच्यातलेच, पण लांब देठाचे. तळाला लावलेला रंग त्यांना रोखू शकला नाही. त्यांना पूर्ण करायला ३२२ दिवस लागले. सुहेलीला किती लागले होते? ३१२. म्हणजे पन्नास वर्षांनंतर, जास्त पळणाऱ्या बोटीतून, दहा दिवस जास्त! दिवसाला सरासरी ९३ मैल. तेव्हा बोट घेणार असाल तर नव्या शिडाआधी तळाचा रंग आणि तो खरवडणारा माणूस यांचे पैसे बाजूला ठेवा.

हीच अॅस्टेरिया नीट डागडुजी करून २०२२ मध्ये परत उतरली. १८ नोव्हेंबरला हिंदी महासागरात मागच्या बाजूने पाणी शिरलं आणि साधारण पाच मिनिटांत बोट बुडाली. लेहतिनेन तराफ्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापर्यंत पोचली ती दक्षिण आफ्रिकेची स्पर्धक कर्स्टन नॉयशेफर. रेस सोडून ती रात्रभर हाताने सुकाणू धरून आली, त्यांना आपल्या बोटीवर घेतलं, मग मालवाहू जहाजावर पोचवलं आणि पुढे निघाली.

आणि टॉमी? पाठीत टायटॅनियमचे रॉड, पुन्हा चालायला शिकणं, नौदलातून निवृत्ती. मग २०२२ मध्ये त्याच रेससाठी परत. या वेळी लाकडी बोट नाही, रसलर ३६, नाव ‘बायानात’. सुरुवातीला काही आठवडे असताना एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन पुढचा बोस्प्रिट मोडला. तो दुरुस्त करून ४ सप्टेंबर २०२२ ला निघाले. सोळा जण निघाले, मुख्य स्पर्धेत तिघांनीच पूर्ण केलं. २७ एप्रिल २०२३ ला नॉयशेफर पहिली आली. एकट्याने, न थांबता जगाला फेरी मारायची अशी रेस जिंकणारी ती पहिली स्त्री. दोन दिवसांनी टॉमी दुसरे, २३६ दिवसांत. हिशोब करून बघा, सरासरी ५.३ नॉटच्या आसपास येते.

तर आपल्या श्रोत्याला उत्तर. मित्रा, बोट बघायला जा, पण फोटो बघून अॅडव्हान्स देऊ नकोस. लाकडी किंवा रबरी हातोडी घेऊन डेकवर टकटक करत फिर. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आतलं लाकूड पाणी पिऊन बसलंय. कील आणि बोटीच्या जोडाशी भेग आहे का बघ. समुद्राचं पाणी आत येणारा प्रत्येक व्हॉल्व्ह स्वतः उघड-बंद करून बघ. न फिरणारा व्हॉल्व्ह म्हणजे बुडताना बंद न होणारं भोक. वायरचा कागद माग. बोट पाण्याबाहेर काढून तळ दाखवा म्हण, आणि मालक टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिर. एखादा जाणकार सर्व्हेयर सोबत ने, त्याची फी वाचवू नकोस.

आणि हे सगळं ठीक निघालं, तर रेसिंगची घाई नको. आधी एक पावसाळा तिला किनाऱ्यावर कुठे आणि कशी ठेवणार, ते ठरव. बोट बघून आलास की मेसेज कर. पुढच्या भागात सेक्स्टंट घेऊन बसणार आहोत, तोवर बाय!