वैर मिटवणारी संत रीटा

इटलीच्या उंब्रिया प्रांतात कास्चाजवळ रोक्कापोरेना हे डोंगराळ गाव आहे. तिथे १३८१च्या सुमारास रीटाचा जन्म झाला. त्या काळी खुनाचा बदला खुनाने घेणं हे घराण्याच्या इभ्रतीचं काम समजलं जाई.

रीटाच्या नवऱ्याचा खून झाला आणि सासरचे सूड उगवायला निघाले. परंपरा सांगते, की तिने मारेकऱ्यांना माफ केलं. सूडापायी आपल्या दोन मुलांचे हात रक्ताने माखण्यापेक्षा देवाने त्यांना न्यावं, असंही तिने मागितलं. पुढे दोघंही आजारपणात गेले.

मग तिने कास्चाच्या ऑगस्टिनियन मठात प्रवेश मागितला. नकार मिळाला. सासरच्या आणि मारेकऱ्यांच्या घराण्यांत समेट घडवून आणल्यावरच दार उघडलं, असं तिची चरित्रं सांगतात.

कॅथलिक शिकवणीनुसार परमेश्वरी योजना माणसांच्या हातूनही पुढे सरकते. त्यामुळे देवावर भरवसा ठेवणं म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. रीटाने प्रार्थना केली आणि माणसांची मनंही वळवली. क्षमा केल्याने गुन्हा मात्र योग्य ठरत नाही, की छळ सोसत राहण्याचं बंधनही येत नाही.

पोप तेरावे लिओ यांनी १९०० साली तिला संतपद दिलं. २२ मे या तिच्या सणाला कास्चात गुलाबांवर आशीर्वाद मागितला जातो. मोडकळीला आलेल्या संसारांसाठी जगभरचे कॅथलिक तिचा धावा करतात.